पूजेतलं मशीन

"काका, बाराच्या बारा नकोत. एकच कम्प्यूटर सोडा," देविका हात जोडून म्हणाली.

"पूजेतलं हत्यार हलत नाही," बापूरावांनी उदबत्तीची राख झटकली.

झालं होतं ते असं. फुकट कम्प्यूटर वर्गाला मशीनं पुरवणारे दिल्लीच्या संस्थेचे जयदीपजी दसऱ्यानंतर येणार होते, ते ऐन खंडेनवमीला येऊन टपकले. आणि झाशीच्या मराठी मंडळाच्या ज्या सभागृहात देविका हा वर्ग चालवायची, तिथले व्यवस्थापक बापूराव यांनी पहाटेच सगळ्या कम्प्यूटरांची यथासांग पूजा मांडली होती. पडद्यांना हळदकुंकू, कीबोर्डांवर झेंडू, प्रत्येकाला कलाव्याचा लाल दोरा. खंडेनवमीला हत्यारं पूजेला बसली की दसऱ्याच्या उत्तरपूजेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. बापूरावांच्या घराण्यात आधी तलवारी बसल्या, मग दौती, मग टाइपरायटर. नियम तोच.

"काका, थोडं समजून घ्या ना!"

"थोडं म्हणजे किती?"

हा बापूरावांचा ठेवणीतला प्रश्न. चाळीस वर्षं कचेरीत हेडक्लार्की केलेला माणूस. कागदावर लिहिलंय तेवढं करायचं, त्याहून काडीभर जास्त नाही की कमी नाही. एकदा सुनेनं "थोडी भाजी आणा" म्हटलं, तर मंडईतून रिकामी पिशवी घेऊन परतले होते. किती ते सांगितलंच नव्हतं. वर्ग सुरू झाल्यापासून देविका त्यांना म्हणत होती, की काका, एकदा मशीनसमोर बसून तरी बघा. ते बसले नाहीत. मशीनचं आपल्याला काय कळणार, म्हणायचे.

देविकाला मात्र आज रडूच यायचं बाकी होतं. तिला चिरगाँवला दुसरा वर्ग हवा होता. तिथून बसनं येणारी ऐश्वर्या ही तिची सगळ्यात हुशार विद्यार्थिनी. परतीच्या बसला अंधार पडतो म्हणून दिवाळीनंतर पोरीला पाठवणार नाही, असं तिच्या बापानं बजावलं होतं. तिच्या मागे तिथल्या अजून अकरा मुली ताटकळत होत्या. सगळं जयदीपजींच्या एका शेऱ्यावर अडलं होतं.

"देविकाजी, बिना कुछ देखे मैं रिपोर्ट में क्या लिखूँ?" जयदीपजी घड्याळ बघत म्हणाले. "मशीन पर तो फूल चढ़े हैं."

तेवढ्यात ऐश्वर्या उठली. "सर, बारह मशीनें पूजा में हैं तो क्या हुआ? एक तो खाली बैठी है."

तिनं बापूरावांकडे बोट दाखवलं.

"दद्दा से अच्छी मशीन कहाँ मिलेगी? जितना बोलो उतना ही करते हैं. न कम, न ज़्यादा."

पोरं खिदळली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं देविकाला झालं. बापूरावांनी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला, आणि खुर्चीत ताठ बसून म्हणाले, "हुकुम?"

"दद्दा, सबको प्रसाद दीजिए."

"सबको म्हणजे कोणाकोणाला? किती?"

"देखा सर? मशीन ऐसे नहीं समझती. एक-एक बात बतानी पड़ती है." ऐश्वर्यानं दीर्घ श्वास घेतला. "दद्दा, खड़े होइए. थाली उठाइए. सर के सामने जाइए. एक पेड़ा उठाकर सर के हाथ पर रखिए. अब यही बार-बार, जब तक थाली खाली न हो."

बापूरावांनी जयदीपजींच्या हातावर पेढा ठेवला. मग दुसरा. मग तिसरा. "अरे बस, बस!" जयदीपजी ओरडले. बापूराव ढिम्म. बस हा शब्द हुकुमात नव्हता. सातवा पेढा खाली घसरला, आठवा शर्टाच्या खिशात गेला.

"बग! बग!" सगळा वर्ग ओरडला. पोरांच्या वर्गात चुकलेल्या हुकुमाला हेच म्हणायचे.

"रुकिए दद्दा! गलती मशीन की नहीं, मेरी है," ऐश्वर्या म्हणाली. "हर पेड़े के बाद एक आदमी आगे बढ़ना है."

मग बापूराव असे चालले, की बघत राहावं. एक पेढा, एक पाऊल. एक पेढा, एक पाऊल. थाळी रिकामी झाली तसे जागच्या जागी थांबले. एवढा आज्ञाधारक आनंद देविकानं त्यांच्या चेहऱ्यावर कधी पाहिला नव्हता. पोरांनी टाळ्यांनी छप्पर डोक्यावर घेतलं. "मशीन है तो पूजा भी होगी," म्हणत ऐश्वर्यानं त्यांना खुर्चीत बसवलं, कपाळाला कुंकू लावलं, मनगटाला कलावा बांधला. त्यांनी मुकाट्यानं बांधून घेतला.

जयदीपजी खिशातला पेढा खात म्हणाले, "चिरगाँव में नई मशीनें मार्च से पहले नहीं पहुँचेंगी. तब तक यही मशीन जाएगी तो क्लास मंज़ूर. गाड़ी बाहर है, चलिए, अभी कमरा देख आते हैं. दद्दा, आप भी."

सगळे उठले. बापूराव उठले नाहीत. गेल्या दहा वर्षांत हा माणूस झाशीबाहेर गेला नव्हता.

"काका, असं काय करता? एवढं जुळून आलंय. चला ना!"

बापूरावांनी मनगटावरचा लाल दोरा तिच्यासमोर धरला.

"परवा सकाळी सातच्या बसनं येतो," ते म्हणाले. "पूजेतलं मशीन दसऱ्यापर्यंत हलत नाही."