दोघांत एक कूपन

निम्म्या दराचं कूपन दोन माणसं असतील तरच चालायचं, म्हणून दर रविवारी सामंतबाई आणि मी त्या थाळीच्या हॉटेलात एका टेबलावर जेवायचो. ओळख तेवढीच. एरवी घरी कुकर एका माणसाचाच लागतो. मला गोड चालत नाही असं खोटंच सांगून मी माझा गुलाबजाम त्यांच्या वाटीत घालायचो.

आज मी नेहमीसारखा दारात त्यांची वाट बघत होतो. मॅनेजर हसत बाहेर आला. "देवस्थळीकाका, ताटकळता कशाला? आजपासून एकट्यालाही कूपन चालतं. बसा, जेवून घ्या."

इकडेतिकडे बघत मी हळूच म्हणालो, "सामंतबाईंना मात्र हे सांगू नका हं."

त्याचं हसू मावळलं. "त्या मघाशीच जेवून गेल्या, काका."