मानेमागची बटणं

ठिणगी चुलीतून उडाली की शेजारच्या गच्चीवरून आली, ते देव जाणे. भवानीने पाहिलं तेव्हा स्वयंपाकघरावरचं आणि मधल्या खोलीवरचं झावळ्यांचं छप्पर पेटलेलं होतं.

रामनवमीची भर दुपार होती. वेस्ट मांबलमच्या त्या घरात सगळे मडीत, म्हणजे कडक सोवळ्यात होते. भवानी तेवढी बाहेरची. दुसरा दिवस होता, म्हणून ती परसातल्या पडवीत तांब्या आणि चटई घेऊन बसली होती. नवरा व्यासराज देवघरात पूजेला बसला होता आणि त्याची थोरली बहीण कनका अक्का नैवेद्याच्या मागे होती. चार वर्षांच्या शैलाला मधल्या खोलीत बाकावर बसवून ठेवलं होतं. कुणाला शिवायचं नाही, अशी ताकीद देऊन.

भवानीने आग लागल्याचं ओरडून सांगितलं. अक्का धावत बाहेर आली. तिच्या हातात खिरीचं पातेलं होतं. ते तिने विहिरीपाशी ठेवलं, परत आत गेली आणि लोणच्याची बरणी घेऊन आली. मग भवानीला म्हणाली, जरा लांब सर, तुझी सावली पडतेय. भवानीने शैलाचं विचारलं, तर व्यासराज आहे की आत, असं म्हणून ती तिसऱ्यांदा आत शिरली. या खेपेला तुपाचा डबा आला. घर जळत होतं आणि ही बाई खाण्याची भांडी वाचवत होती.

परसातून मधल्या खोलीची खिडकी दिसे. धुरात शैला बाकावर उभी होती. तेवढ्यात देवघरातून व्यासराज आला. अंगावर ओलं धोतर आणि डाव्या हातावर देवांची पेटी. सात पिढ्यांची, तंजावरहून आणलेली. आधी देव उचलले. बरं, उचलू दे. उजवा हात मोकळा होता ना? तो त्याने शैलाकडे पुढे केला.

भवानी जीव खाऊन ओरडली, घसा फाटेल अशी. आणि तिच्या डोळ्यांदेखत तो हात मागे गेला.

शैलाने पाठ वळवली आणि दोन्ही हात मानेमागे नेऊन झग्याची बटणं चाचपू लागली. अंगात कपडा असलेलं मूल मडीतल्या माणसाला शिवलं की मडी मोडते. उघडं मूल चालतं. पोरीला हे पाठ होतं. दिवसातून दहादा कुणी ना कुणी तिला ते बजावी. पहिलं बटण निघालं. दुसरं निघेना. बाप पेटी धरून समोर उभा होता आणि वाट बघत होता.

मग वरून एक जळती झावळी पडली.

भवानी कशी आत गेली ते तिचं तिलाच कळलं नाही. स्वयंपाकघर तुडवत, नैवेद्याचं पान लाथाडत ती गेली, नवऱ्याला कोपराने ढकललं, पोरीला काखेत मारलं आणि पुढच्या दाराने रस्त्यावर आली. शैलाच्या खांद्यावर रुपयाएवढा फोड आला होता.

गल्लीतल्या लोकांनी घागरी ओतून अर्ध्या तासात आग विझवली. छप्पर गेलं, एक भिंत काळी झाली, बाकी घर शाबूत राहिलं. अक्काला वेगळीच काळजी लागली होती. भवानीचा धक्का लागला तेव्हा देव व्यासराजच्या हातात होते; आता शुद्धीला आचार्यांना बोलवायचं की नुसतं पंचगव्य पुरे? हे ती शेजाऱ्यांना विचारत होती.

भवानीला भडभडून आलं. चारचौघांत नवऱ्याशी मान वर करून कधी न बोललेली ती, सगळ्यांसमोर त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"पोटची पोर धुरांत, आणि तुम्ही बटणं सुटायची वाट बघत उभे राहिलांत," ती म्हणाली. "तुमच्या हातचं पाणीसुद्धां मला आतां जाणार नाही. किळस येतीय तुमची."

व्यासराजने तोंड उघडलं. तिच्याकडे पाहिलं, शैलाकडे पाहिलं. मग त्याने देवांची पेटी खाली मातीतच ठेवली. शेजारच्या बायकांनी पदर तोंडाला लावले. उत्तर द्यायचीसुद्धा लाज वाटतेय, असं भवानीला वाटलं, आणि बरंच वाटलं.

शेजारणीच्या ओसरीवर बसून ती पोरीच्या फोडाला खोबरेल लावू लागली. आता कुणाची ताकीद नव्हती, कुणी लांब सर म्हणत नव्हतं. यापुढे आप्पांकडे जायचं नाही, ती शैलाला हळूच म्हणाली. आप्पा वाईट आहेत. जळत होतीस तरी उचललं नाही.

"उचलत होते कीं," शैला म्हणाली. "तूंच खिडकींतून ओरडलीस, शिवूं नका, आधीं झगा काढूं दे. मग आप्पांनीं हात मागें घेतला. मी लवकर काढत होतें, अम्मा, पण बटण मागें होतं."

भवानीचं बोट फोडावरच थांबलं. व्यासराज ओसरीच्या पायरीपाशी येऊन उभा होता. पोरीने सांगून टाकलेलं ऐकून त्याने मान खाली घातली, जणू चोरी त्याचीच पकडली गेली होती.

भवानीने आवंढा गिळायला पाहिलं. त्या ओरडण्याने तिचा घसा अजून सोलवटलेला होता.