शिक्र्याचं वकीलपत्र

"काका, तो गरुडच आहे," भिंतीपलीकडून दंतवैद्य म्हणाला. "माझी चारही पांढरी कबुतरं फस्त केली त्यानं. उद्या सकाळी माणसं येतायत. झाडच पाडून टाकतो."

निवृत्त ग्रंथपालांच्या गळ्यात दुर्बीण होती आणि तोंडात शब्द नव्हता. राग आला की त्यांची जीभ टाळूला चिकटायची. दंतवैद्याच्या परसातल्या निलगिरीवर घरटं होतं आणि घरट्यात पांढऱ्या लवीची पिल्लं. "गरुड नाही तो," एवढंच ते पुटपुटले, तोवर दंतवैद्य दवाखान्यात निघूनही गेला होता.

गेल्या आठवड्यात हाच पक्षी घार होता. त्याआधी ससाणा. आरोप तोच, आरोपी दर खेपेला वेगळा. ग्रंथपालांच्या अंगाचा तिळपापड झाला. एखादं पुस्तक चुकीच्या कप्प्यात गेलं तरी ज्यांना झोप लागत नसे, त्यांच्या डोळ्यांदेखत एका जिवाला नावही न विचारता फासावर चढवायचं चाललं होतं.

तशी त्यांना स्वतःचीही खात्री कधी नसे. म्हणून ते पुन्हा दुर्बीण लावून बसले. गळ्यावर मधोमध काळसर रेघ, छातीवर तांबूस पट्टे, लालभडक डोळा. शिक्रा. पुस्तक उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. शिक्राच. पिल्लांसाठी त्यानं सरडा आणला होता. दूर पाण्याच्या टाकीवर काहीतरी पांढरं हललं. त्यांनी दुर्बीण तिकडे वळवली, तर नुसतीच कबुतरं ऊन खात बसलेली. शिकारी पक्षी नव्हेत, म्हणून त्यांनी दुर्बीण परत झाडावर आणली.

मान मात्र धरली होती. मुलीनं एवढी महागडी मऊ उशी पाठवली, तरी रोज सकाळी मान आखडलेली.

"दिवसभर आभाळात बघत बसल्यावर दुसरं काय होणार?" बायको तेल चोळत म्हणाली. तिच्या अंगठ्याला चिकटपट्टी होती, ती खरखरीत लागली. झाडाचं ऐकून तिचाही चेहरा उतरला होता. एरवी कपडे वाळत घालताना ती पलीकडच्या पिंजऱ्याकडे पाठ करून उभी राहायची. पंख उघडायलाही जागा नाही बिचाऱ्यांना, म्हणायची.

"पण ती पिसं?" ग्रंथपाल म्हणाले. दंतवैद्याचा सगळा खटला पिसांवर उभा होता. कबूतर नाहीसं झालं की झाडाखाली पांढरी पिसं पसरलेली सापडत. "शिकार झाली असती तर पंखांची लांब पिसंही पडली असती. ही सगळी बारकी, मऊ, वाकलेली. मला तर ती कबुतराचीही वाटत नाहीत. पण माझंच चुकत असेल."

बायकोचा हात थांबला.

"पिसांचं राहू द्या हो. पिल्लांचं बोला. जन्मभर वाचनालयात 'शांतता राखा'ची पाटी लावलीत, ती आता घरी कशाला?"

दुपारी दंतवैद्य जेवायला आला, तेव्हा ग्रंथपाल त्याच्या दारात उभे होते. काखेत पुस्तक होतं, पण ते उघडावं लागलं नाही.

"डॉक्टर, तुम्ही न बघताच दात उपटता का?"

"काका, हे काय विचारणं झालं?"

"मग ज्याचं नाव तुम्हाला धड सांगता येत नाही, त्याला बेघर कुठल्या हिशेबानं करताय? शिक्रा आहे तो. जेमतेम तुमच्या कबुतराएवढा. आणि पिंजऱ्याची कडी काय तो चोचीनं काढतो?"

"कडी ढिली झाली असेल," दंतवैद्य म्हणाला. आवाज खाली आला होता.

"मग कडी बदला. झाड कशाला पाडता?"

ग्रंथपालांनी आणखीही बरंच सुनावलं. आपण इतकं बोलू शकतो हे त्यांचं त्यांनाच नवीन होतं. शेवटी दंतवैद्यानं त्यांच्यासमोरच फोन लावून माणसांना येऊ नका म्हणून सांगितलं.

घरी आले तरी ते धुमसतच होते. हे माणसाचं काम आहे, त्यांनी बायकोला बजावलं. कडी काढायची, पिसं टाकायची आणि आळ मुक्या जिवावर. कोण तो हलकट, हे शोधून काढल्याशिवाय स्वस्थ बसणार नाही.

"काढा शोधून. आधी जरा पडा," ती म्हणाली.

ते आडवे झाले आणि डोकं थेट पलंगाच्या फळीला लागलं. उठून त्यांनी उशी हातात घेतली. एका कोपऱ्याची शिवण नवी होती, दोरा वेगळ्या रंगाचा. दाबल्यावर तिच्यातून एक पीस बाहेर आलं. पांढरं, बारकं, मऊ, वाकलेलं.

बायको पाठमोरी होऊन खिडकी लावत होती.

"उद्या तुम्हाला कापसाची उशी आणते," ती म्हणाली.