ह्यांचं दुखणं

गेणभाऊ टोमॅटोच्या क्रेटवर पोट दाबून बसले, तशी झुंबरबाई मातीच्या हातांनीच धावत आली.

"काय वो, काय व्हतंय?"

"आग पडलीय गं पोटात. इथं." गेणभाऊंनी बेंबीखाली हात ठेवला. काल त्यांनी तो बरगडीखाली ठेवला होता. दुखणं फिरतंय, असं झुंबरबाईच्या मनात आलं.

पोटाच्या दुखण्याची तिला दहशत होती. तिचं माहेर आंबेगावच्या डोंगराकडचं. आई पोट धरून दवाखान्यात गेली, ती परत आलीच नाही. तेव्हापासून झुंबरबाईनं दवाखान्याची पायरी चढली नव्हती. स्वतःचं पित्त खवळलं की चिमूटभर सोडा पाण्यात टाकून प्यायची आणि ताटातली भाकरी अर्धी ठेवून उठायची. लेक आरती चाकणहून फोनवर रागवायची, गेणभाऊ विनवण्या करायचे. पण हिचं उत्तर ठरलेलं, "मला काय धाड भरलीय?"

ह्यांच्या बाबतीत मात्र तिनं जरासुद्धा विचार केला नाही. "उठा. नारायणगावला जाऊ."

"तू येशील?"

"मंग, एकट्याला धाडीन व्हय?"

निमगाव सावापासून वडापच्या जीपमध्ये ती सगळा रस्ता त्यांचा हात धरून बसली. दवाखान्यात गेणभाऊ आधी एकटेच आत गेले. बराच वेळ लागला. बाहेर आले ते दंडावर कापूस दाबूनच.

"रगत काढलं," ते म्हणाले. "पुढंमागं मला रगत लागलं, तर घरच्या माणसाचं आधी बघून ठिवावं म्हणत्यात."

झुंबरबाईला सुई नुसती दिसली तरी घाम फुटायचा. पण तिनं बाही वर सारली. "घ्या म्हनावं, लागंल तेवढं."

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी दोघांना समोर बसवलं. म्हातारे, सावकाश बोलणारे डॉक्टर होते. पोटात एक जंतू असतो, म्हणाले. वर्षानुवर्षं मुकाट राहतो आणि आतून जखम करतो. तो मारला नाही, तर जखमेतून रक्त जायला लागतं, जिवावर बेततं.

झुंबरबाईनं तोंडाला पदर लावला. "माझ्याच हातून मिरची जास्त पडती. त्यानंच झालं का वो?"

"नाही मावशी. मिरचीनं जंतू होत नाही. तो गोळ्यांनी जातो. पण दोन आठवडे एकही गोळी चुकवायची नाही आणि बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायची नाही. अर्धवट सोडलं, की तो जास्त चिवट होतो."

"आमी एका ताटात जेवणारी माणसं," गेणभाऊ मध्येच म्हणाले. "हिलाबी घ्याव्या लागतील ना? न्हाईतर माझ्या पोटात परत यायचा."

डॉक्टर क्षणभर त्यांच्याकडे पाहत राहिले. मग झुंबरबाईकडे वळले. "हो मावशी. तुम्हाला घ्याव्याच लागतील."

"ह्यांच्यासाठी इख बी खाईन," ती म्हणाली.

दोघांच्या गोळ्या निराळ्या होत्या. बाईमाणसाच्या वेगळ्या असतात, असं गेणभाऊंनी सांगितलं. तिला ते पटलं. सकाळ-संध्याकाळ दोघं ओट्यावर समोरासमोर बसून गोळ्या घ्यायची. तिनं गिळली की मग ते गिळायचे. जेवायलाही तिच्यासाठी थांबून राहायचे. "एकट्याला घास उतरत न्हाई," म्हणायचे. शेजारीण म्हणाली, म्हातारपणी नवऱ्याला बायकोचं लई वेड लागलंय. झुंबरबाई लाजली, पण तिला बरं वाटलं.

आठवडा झाला नाही तोच तिचं तोंड कडूजहर पडलं. जिभेवर तांब्याचा पैसा ठेवावा तशी चव. पोट बिघडलं, अन्न नको झालं. एका सकाळी तिनं गोळ्या बाजूला सारल्या.

"आता माझ्यानं व्हत न्हाई. तुमच्या तुमी घ्या."

 गेणभाऊंनी आपल्याही गोळ्या खाली ठेवल्या. थोड्या वेळानं तिनं वर पाहिलं, तर त्यांचे डोळे भरलेले. लेकीच्या पाठवणीलासुद्धा हा माणूस रडला नव्हता.

"तू सोडलीस तर मी मरंन गं," ते म्हणाले.

झुंबरबाईनं गुपचूप गोळ्या उचलल्या. डॉक्टरांना फोन लावला, तर ते म्हणाले, जेवणानंतर घ्या, पाणी भरपूर प्या, पण सोडू नका. तिनं सोडल्या नाहीत. चतुर्थीला ओझरला जाऊन विघ्नहराला सांगून आली, माझ्या वाटचं आयुष्य ह्यांना घाल.

गोळ्या संपल्या. दिवाळी झाली. गेणभाऊ पोटावर हात ठेवेनासे झाले, आणि झुंबरबाईच्या जिवावरचं ओझं उतरलं. गवताचा भारा पूर्वी ती बांधावर दोनदा टेकवायची. आता थेट गोठ्यात आणून टाकायची. ताटातली भाकरी पुरी संपायची. काळजी मिटली की माणसाच्या अंगात बळ येतं, असं ती आरतीला फोनवर म्हणालीसुद्धा.

जंतू खरंच गेला का, हे बघायला डॉक्टरांनी दोघांनाही शौच तपासायच्या डब्या दिल्या होत्या. त्या पुण्याला पाठवल्या. निकालाच्या दिवशी डॉक्टर गावाला गेलेले. त्यांच्या जागी त्यांची सून बसली होती, नुकतीच डॉक्टर झालेली. गेणभाऊ परतीची जीप बघायला रस्त्यावर गेले होते, तेवढ्यात हाक आली. झुंबरबाई एकटीच आत गेली.

"या मावशी. जंतू पार गेलाय. आता गोळ्या नाहीत."

झुंबरबाईनं हात जोडले.  "लई उपकार झालं, बाई. ह्यांनी लई सोसलं वो. आता न्हाई ना उलटायचं ह्यांचं दुखणं?"

"कुणाचं?"

"आमच्या ह्यांचं. गेणभाऊंचं."

डॉक्टरीणबाईनं पुढ्यातले दोघांचे कागद पुन्हा चाळले.

"पण मावशी, आजारी तुम्ही होतात. काकांच्या पोटाला कधी काही झालंच नव्हतं."