बनाचा पायगुण

दुपार कलली तरी गेणबाला बैल जुंपता येत नव्हते. बहिणीला, बनाला, इंदापूरला माहेरी न्यायला तो आला होता. आई अंथरुणाला खिळलेली, शेवटचं बघून घेते म्हणून बनाचं नाव घेत होती. आणि बनाचा सासरा महिपती चिंचेखाली बसून नुसती नकाराची मान हलवत होता. नवरा संभाजी बापापुढं तोंड उघडणाऱ्यांतला नव्हता.

छळ म्हणावा तर तसं काही नव्हतं. उलट लाडच होते. बना लग्न होऊन बारामतीजवळच्या या मळ्यात आली आणि त्याच उन्हाळ्यात, कायम तळाला गेलेली विहीर आपसूक भरून आली. महिपतीनं पेरूची बाग लावली. वांगी-मिरच्या बाजारात जाऊ लागल्या. पोरीचा पायगुण, असं सगळी भावकी म्हणाली. तेव्हापासून बनाला कुणी लागट बोललं नाही, आणि माहेरी एक रात्र राहूही दिलं नाही. बाग फळावर आली होती. लक्ष्मी घराबाहेर पडली आणि विहीर आटली तर?

बना डोळे पुसून घागर घेऊन विहिरीवर गेली. सासू छबूबाई बरोबर आली, पण रोजच्यासारखी काठावरच थांबली. गुडघे धरलेत, म्हणायची.

विहिरीत उतरायला बनाला आवडायचं. खाली सगळं हिरवं, गार. पाण्यावरचं ऊन भिंतीवर हलत राहायचं, सुगरणीचे खोपे झुलायचे, वरचे आवाज झोपेत ऐकावेत तसे यायचे. पाण्याकडं बघत राहिलं की आई दिसायची, चुलीपुढं बसून हाक मारणारी.

आज पाय कोरड्या पायरीवर पडला. कायम पाण्याखाली असणारी पायरी उघडी पडली होती.

पायगुण उलटला म्हणतील. लक्ष्मीची अवदसा व्हायला कितीसा वेळ लागतो? ती तिथंच बसली. पाणी हलत होतं, भिंतीवरचं ऊन हलत होतं, आणि त्यात तिला सकाळी बघितलेले बगळे दिसू लागले. मळ्याच्या वरच्या अंगानं पाटाचा फाटा जात होता. पाणी पलीकडच्या उसाला जायचं, म्हणून या घरात त्याची कुणाला याद नसायची. गाळ काढायला आठवड्यामागं त्याचं पाणी तोडलं होतं, आणि आता चिखलात बगळे फिरत होते. हा फाटा खोदला तोही तिच्या लग्नाच्याच वर्षी. फाटा आणि सून एकदमच आले, आणि महिपतीनं सुनेला धरून ठेवलं.

ती हसली, रडली, आली, गेली, विहिरीला त्याचं काही नव्हतं. बनाला हायसं वाटलं. खरं सांगायचं तर थोडं वाईटही वाटलं. लक्ष्मी असण्याची सवय लागते.

सासऱ्याशी थेट बोलायची रीत नव्हती. वर येऊन ती सासूशीच बोलली, पण चिंचेखाली ऐकू जाईल अशा आवाजात.

"आत्याबाई, मामांस्नी सांगा. मी हितंच हाय, तरी इहीर उतरलीया. फाटा कोरडा पडलाय म्हनून. पानी त्याच्या पाझरानं येतं, माज्या पायानं न्हाय."

महिपती उठला. विहिरीत डोकावला, मग बांधाबांधानं फाट्याकडं गेला. परत यायला त्यानं बराच वेळ लावला. सून म्हणते ते खरं धरायचं की तिचा पाय उलटला म्हणायचं, हे आता त्याच्या जिभेवर होतं. बना पदर पिळत उभी राहिली. शेवटी तो गेणबाला म्हणाला, बैल जुंप, आजचा मुक्काम लासुर्ण्यात करा. बनाला रडू आवरेना.

छबूबाई वाटेसाठी भाकरी बांधत होती. गाठ मारता मारता तिचा हात थांबला. नवऱ्याकडं न बघता तिनं हळूच विचारलं,

"मंग मी लगीन हून आले त्या दुस्काळात इहीर आटली, आन् तवापास्नं मला कुनी पायरीवर पाय ठेवू दिला न्हाय. ती तरी माज्या पायानं आटली हुती का वो?"