काथ्याचा दोर

"एक खाली, एक वर. खालच्याचा श्वास ठिकाणावर आल्याबिगर वरच्यानं दोर सोडायचा न्हाय," रावजी म्हणाला आणि सयाजीच्या कमरेला दोर बांधू लागला.

रावजी सयाजीच्या थोरल्या बहिणीचा नवरा. हेच शहाणपण त्यानं गेल्या वर्षी सिदूलाही शिकवलं होतं. सिदू म्हणजे सयाजीचा धाकटा भाऊ. ह्याच होडीतून, उजनी धरणाच्या ह्याच पाण्यात तो भाला घेऊन उतरला, तो वर आलाच नाही. रावजीच्या हाती आला नुसता दोर, टोकाला सुरीनं कापलेला. मढंही सापडलं नाही. आदल्याच दिवशी दोघांचं कडाक्याचं भांडण झालं होतं, त्यामुळं गावानं काय समजायचं ते समजून घेतलं. बहिणीच्या कुंकवापायी सयाजी वर्षभर गप्प बसला, पण आतून धुमसत होता. आज त्यानंच रावजीला चिलापी मासे मारायला म्हणून बाहेर काढलं होतं.

"काथ्याचा दोर कशाला, दाजी? टोचतोय की."

"टोचू दे. खाली बुडालेल्या बाभळींत जुनी जाळी अडकल्यात. गढुळात जाळ्याचा नायलॉन आन कमरंचा नायलॉन हाताला सारखाच लागतो. काथ्या वळखू येतो."

"लई काळजी तुमाला."

रावजीनं मान खाली घातली. "भाल्याचं रबर पाण्यात गेल्यावरच ताण. आन ताणल्यावर तोंड वर करू नको."

सयाजीनं छाती भरून घेतली आणि बुडी मारली. थोडं खाली जाऊन त्यानं रबर ताणलं आणि वर वळला. होडीच्या कडेवरून रावजीनं तोंड पाण्यात घातलं होतं. राखण करत होता बिचारा! सयाजीनं भाल्याचं तोंड वर केलं आणि ताणलेलं रबर सोडलं.

भाला रावजीच्या गळ्याखाली घुसला. पाण्यात रक्ताचा लोट उठला. दोन्ही हातांनी दांडा धरून रावजी तडफडला आणि मागं होडीत कोसळला. सयाजीला वाईट वाटलं नाही. वर्षात पहिल्यांदा त्याला मोकळं वाटलं.

होडीचं हलणं थांबेपर्यंत वर जायला नको म्हणून तो आणखी खाली सरकला, आणि बाभळीतल्या जाळ्यानं त्याचा पाय धरला. सवयीनं त्यानं दोराला हिसके दिले. मग आठवलं, वर आता कोणी नाही.

तो घाबरून चाचपडू लागला. हाताला हाड लागलं. मनगटाचं. त्यात सिदूचं कडं होतं आणि कड्याला बांधलेली त्याची सुरी. त्या सांगाड्याभोवतीचं जाळं शाबूत होतं, एकही फास तुटला नव्हता. कमरेला मात्र नायलॉनचा वीतभर तुकडा होता, टोकाला सुरीनं कापलेला.

सयाजीनं सिदूच्याच सुरीनं पायाचं जाळं कापलं. काथ्या बोटांना टोचला, तेवढा सोडून. पण छाती फुटायला आली होती, हातपाय चालेनात.

तेवढ्यात कमरेचा दोर ताठ झाला. वरून रावजी जीव खाऊन ओढत होता.