कोपऱ्यावरचा बर्फ

"तुमच्या घराला ताप आलाय," कारागीर म्हणाला आणि रस्त्यात उभ्या उभ्या त्यानं छपराकडे बोट केलं.

शिंपी ओशाळला. गल्लीतल्या सगळ्या छपरांवर हातभर बर्फ. त्याचं एकट्याचं छप्पर काळंभोर, ओलं. घरातली ऊब माळ्यातून निसटून वरचा बर्फ वितळवत होती. समोरचा न्हावी येता-जाता टोमणा मारायचा, "जगाच्या कोटांना अस्तर लावतोस, आणि स्वतःचं घर उघडं?" एरवी शिंपी हसून सोडून द्यायचा. यंदा तसं चालणार नव्हतं. गेल्या हिवाळ्यात त्याच्या वडिलांच्या छातीत गारठा बसला होता. "पुन्हा बसला, तर मला बोलवायची तसदी घेऊ नका," असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

म्हणून ऊब अडवायला माळ्यावर काचेची लोकर अंथरायची होती. अण्णांसाठी.

"तो कोपरा मात्र झकास आहे," कारागीर म्हणाला. छपराच्या एका टोकाला बर्फ गादीसारखा जाड पडून होता. "तिथं आधी कोणी काही भरलंय का?"

"खाली अण्णांची खोली आहे. त्यांनीच केलं असेल कधीतरी. काय हो अण्णा?"

अण्णा दारात येऊन उभे होते. अंगात कोट, गळ्याला मफलर, डोक्याला कानटोपी. घरातही ते असेच असत, आत्ताच बाहेरून आल्यासारखे.

"भुसा भरलाय मी तिथं. चांगला दाबून. तिकडे हात लावू नका."

"एकदा बघून येतो."

"बघतोस काय? छप्पर उतरलंय तिथं, पोटावर सरपटत जावं लागेल. आणि माझी खोली भट्टी आहे, भट्टी! उकडतं म्हणून तर मी खाली स्वयंपाकघरात येऊन बसतो."

"मग कोट कशाला, आजोबा?"

"शिंप्याचा बाप आहे मी. जाहिरात नको?"

तिघंही हसले. सरपटायचं वाचतंय म्हटल्यावर कारागिराला भुसा पटला. बापानं आपल्यासाठी आधीच थोडं काम करून ठेवलंय म्हटल्यावर मुलालाही पटला. फुकटात मिळालेली गोष्ट कोणी उलटी करून बघत नाही.

तशी त्या खोलीत कोणाचीच ये-जा नव्हती. सून चहा घेऊन गेली की दार वीतभर उघडायचं, एक हात बाहेर यायचा आणि कप आत जायचा. "दार लाव गं, ऊब जाते!" आतून आवाज यायचा. सून म्हणायची, "एवढी जपतात ऊब, जशी काही कोणी चोरून नेणारे."

ऊब खरोखरच जपायची चीज झाली होती. तळघरातला बॉयलर घराइतकाच म्हातारा. त्याचं गरम पाणी नळ्यांतून खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरमध्ये फिरायचं आणि शेवटच्या खोलीत पोचेपर्यंत कोमट व्हायचं. शेवटची खोली शिंप्याच्या बाळाची. अण्णांची तिच्या अलीकडची. थंडी सुरू झाली तेव्हा बाळाचे ओठ निळे पडायचे. मग एके दिवशी त्याची खोली आपोआप तापायला लागली. शिंप्यानं त्याच आठवड्यात बॉयलरला पान्यानं चार ठोके दिले होते. त्याचाच हा गुण, असं तो ज्याला त्याला सांगत सुटला. अण्णा मान डोलवायचे. "गुण आहे बरं याच्या हाताला," म्हणायचे.

संध्याकाळी कारागीर माळ्यावरून अंग खाजवत उतरला. "झालं. आता वर पेलाभर पाणी ठेवलंत तर सकाळपर्यंत गोठेल. माळा बाहेरच्याइतका गार पडला, की समजायचं काम चोख झालं."

"पण घर?"

"घर गरम. तुमची ऊब तुमच्याकडे."

जेवताना शिंपी खुशीत होता. "अण्णा, आता अख्खं घर भट्टी! या थंडीत तुम्हाला काही होत नाही."

"बाळाला गारठा नाही ना लागायचा?"

"बाळाचं सोडा, तुम्ही तुमचं बघा."

"माझं काय बघायचं! मी आहेच भट्टीत." अण्णा कानटोपी ओढून घेत उठले.

रात्रभर बर्फ पडला. सकाळी शिंपी रस्त्यावर जाऊन बघतो, तर छप्पर या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरंशुभ्र. त्यानं न्हाव्याला हाक मारून बाहेर काढलं. न्हावी डोळे चोळत म्हणाला, "चला, लागलं एकदाचं अस्तर!"

अण्णांना दाखवायला तो धावतच वर गेला. दार वाजवलं. ढकललं. "दार लाव" असं कोणी म्हणालं नाही.

खिडकी उघडी राहिली असावी, असं त्याला वाटलं. खिडकी बंद होती. अण्णा कोट-कानटोपीसकट, दोन्ही रजया लपेटून, भिंतीकडे तोंड करून निजले होते. बाळाच्या खोलीकडच्या भिंतीकडे. उशाशी पेल्यात त्यांची कवळी होती. पेल्यातल्या पाण्याचा बर्फ झाला होता आणि कवळी त्यात हसत होती.

त्यानं अण्णांच्या गालाला हात लावला, मग रेडिएटरला. दोन्ही सारखेच लागले. रेडिएटरची चावी घट्ट पिळून बंद केलेली होती. भिंतीपलीकडे बाळ दुलई लाथाडून, घामेजून झोपलं होतं.

तो माळ्यावर चढला. नव्या लोकरीवरून पोटावर सरपटत त्या कोपऱ्यापर्यंत गेला. भुसा नव्हता. उघड्या फळ्या होत्या, आणि फळ्यांच्या फटीतून खाली अण्णांची कानटोपी दिसत होती.

इतके दिवस साऱ्या घराची ऊब गळून या माळ्यावर यायची आणि त्या कोमट हवेच्या आधारानं खालचा म्हातारा रात्री काढायचा. ती गळती मुलानं कालच, बापासाठी, बंद करून घेतली होती.